किलोमीटरच्या हिशेबातील आप्त

पुण्याहून भाड्याची मोटार करून एका दिवसात साताऱ्याकडील नातेवाईक उरकण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ‘उरकणे’ हा शब्द हेतुपुरस्सर वापरला. अशा मोटारीचे पैसे बहुधा दिवसाला किमान २५० ते ३०० किलोमीटरचे धरतात, मग ती तितकी धावो वा न धावो. साताऱ्याची जाऊन-येऊन फेरी भरते सुमारे २२०. उरलेले किलोमीटर फुकट जाऊ नयेत म्हणून वाटेवरच्या वाईची आत्याही यादीत शिरते! घरे वाढतात, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. चुलीवर आधण ठेवावे, तोच दारात भोंगा वाजतो.

एस.टी.ने जाणाऱ्याची शेवटची गाडी चुकली की मुक्काम अटळ असे. जमिनीची वाटणी, मुलीचे स्थळ, म्हातारीचे दुखणे हे विषय जेवणानंतरच निघत. थांब्यापासून दूरच्या वाडीवर वृद्धांना न्यायचे तर मोटारच हवी, हे मान्य. परंतु १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. माहेरी चार दिवस राहू इच्छिणाऱ्या भगिनीला तरी मोटारीत कोंबून संध्याकाळी परत आणण्याचे कारण उरलेले नाही.