पाणी तर नळाला आहेच

पांढरं फिनेल घरी करून पाहिलंय कधी? रसायनांच्या दुकानात त्याचा अर्क मिळतो, 'फिनेल कॉन्सन्ट्रेट' म्हणून. पिवळसर, तेलकट, पाइनच्या वासाचा आणि आरपार दिसणारा. पारदर्शक बरणीत पाणी घ्यावं आणि त्यात हा अर्क चमचाभर सोडावा. पाण्याला टेकतो न टेकतो तोच त्यातून पांढरे ढग फुटतात, वळसे घेत खाली उतरतात आणि जरा ढवळलं की अख्खी बरणी पांढरीशुभ्र! पाणी बिनरंगी, अर्कही आरपार. मग हा पांढरा रंग आला कुठून?

तो कुणीच आणलेला नाही. अर्कात पाइन तेल असतं आणि तेलाला पाण्यात मिसळू देणारं एक द्रव्य. पाण्यात पडताच तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब होतात. प्रकाश या थेंबांवर आदळून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला दिसतं पांढरं. दूध पांढरं दिसण्यातही त्यातल्या स्निग्धांशाच्या थेंबांचा मोठा वाटा असतो. पण मला जास्त थक्क करते ती यातली मापं. बाजारात असे अर्क सर्रास मिळतात, ज्यात वीसपट पाणी घालायचं असतं. म्हणजे दुकानातून आपण फिनेलची जी जड बाटली उचलून आणतो, तिच्यात बहुतेक पाणीच असतं.

भांड्यांचं लिक्विड घ्या, हँडवॉश घ्या, फरशी पुसायचं औषध घ्या, पाण्याचा वाटा सगळीकडेच मोठा. खरं काम करतात ते थोडेसे रेणू. त्यांचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं, बहुधा बारा-चौदा कार्बन अणूंचं शेपूट, पाण्यापासून पळतं. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की ते आपणहून गोळा होतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. ब्रिस्टॉलचे रसायनशास्त्रज्ञ जेम्स मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास ही कल्पना मांडली. या गोळ्यांना 'मिसेल' म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेट या अशाच एका द्रव्याच्या मिसेलमध्ये साधारण साठ रेणू असतात. कढईचा तेलकटपणा या गोळ्यांच्या पोटात शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. आणि यासाठी लागतं किती? लिटरभर साध्या पाण्यात या द्रव्याचे सव्वादोन-अडीच ग्रॅम झाले, की मिसेल बनू लागतात.

मग भांड्यांचं लिक्विड इतकं दाट कसं? बचत गटात लिक्विड बनवणाऱ्या बायकांना हे गुपित ठाऊक असतं: मीठ! आपलं जेवणातलंच. पातळ मिश्रणात मिठाचं पाणी थोडं थोडं घालत ढवळत राहिलं, की एका क्षणी ते एकदम जड होतं, पळी ओढावी लागते. मिठामुळे गोल मिसेल लांबत जातात आणि शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. मीठ जास्त झालं तर तेच लिक्विड पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. तेव्हा दाटपणा पाहून लिक्विडचा कस ठरवू नये. दाट दिसणाऱ्या बाटलीतही पाणी भरपूर असू शकतं.

हे पाणी वाहून आणायला आपण जी बाटली वापरतो, ती मात्र साधीसुधी नाही. फिनेलच्या किंवा टॉयलेट क्लीनरच्या बाटलीचा तळ पाहा, बहुधा त्रिकोणात २ हा आकडा सापडेल. हे एचडीपीई नावाचं प्लॅस्टिक. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी साध्या दाबाखाली इथिलीन वायूचे रेणू जोडून सरळसोट लांब साखळ्या बनवण्याची रीत शोधली. त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, म्हणून हे प्लॅस्टिक भक्कम होतं आणि आम्ल-अल्कलीला दाद देत नाही. झीग्लर यांना या कामासाठी १९६३ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. अशा बाटलीत महिनाभर फिनेल ठेवायचं आणि मग ती फेकायची, हे मला त्या शोधाचा अपमान केल्यासारखं वाटतं. वर हँडवॉशचा पंप: त्यात अनेकदा धातूची स्प्रिंग, छोटी गोळी, नळी आणि दोन-तीन जातींचं प्लॅस्टिक. भंगारवाला बाटली घेतो, पण हे सुटं करत बसणं त्याला परवडत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनलं होतं. त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्यापैकी जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रित झाला. वितळवून नवं करण्यापेक्षा तीच बाटली पुन्हा भरणं कितीतरी सोपं.

उद्योगांनाही हे कळतं. गोदरेजने २०१८ मध्ये हँडवॉशची ९ ग्रॅमची पूड आणली: २०० मिली पाण्यात टाकून हलवा, हँडवॉश तयार. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२१ मध्ये मुंबईतल्या एका सुपरमार्केटमध्ये आपली बाटली नेऊन भरून घेण्याचं यंत्र बसवलं. 'रिफिल' म्हणून मिळणाऱ्या पाऊचमध्ये बाटलीपेक्षा प्लॅस्टिक कमी असतं हे खरं, पण अनेक पाऊच वेगवेगळे थर चिकटवून बनवतात आणि ते भंगारातही जात नाहीत. माझं मत विचाराल तर कॅनमधून मापाने भरून देणारा दुकानदार सर्वांत उत्तम.

मात्र काळजी हवीच. बाटली स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरायची, कारण तळाशी उरलेल्या पातळ साबणात जंतू वाढू शकतात. ज्यात जे होतं तेच त्यात. नाव ठळक लिहायचं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल कधीही नाही. घरात लहान मूल असेल तर जीवावर बेतेल. आणि ब्लीच व अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांत ०.९ ते ४.९ लिटरच्या कडक प्लॅस्टिक पॅकिंगचा काही हिस्सा पुन्हा वापरण्याचं बंधन आहे: २०२५-२६ मध्ये १० टक्के, २०२८-२९ पासून २५ टक्के. आपल्या ओट्यावरची अर्ध्या लिटरची बाटली मात्र या आकड्यांत बसत नाही. तिचं काय करायचं ते आपणच ठरवायचं आहे. तेव्हा ती संपली की धुऊन ठेवा आणि जवळच्या दुकानदाराला किंवा बचत गटाला एवढंच विचारा, "हीच भरून द्याल का?" सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून विचारलं, तर पाच लिटरचा कॅन तुमच्या दारात यायला वेळ लागणार नाही.