सांभाळणाराच गेला तर?

वृद्धांच्या प्रश्नांवर बोलताना आपल्याकडे साधारणपणे दोनच चित्रे रंगवली जातात. एक, मुलांनी घराबाहेर काढलेल्या आईवडिलांचे आणि दुसरे, वृद्धाश्रमात वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु या दोहोंखेरीज एक तिसरेही घर असते. त्या घरात भांडण नसते, पैशाची फारशी ओढाताण नसते, पेन्शन वेळेवर येते आणि नवरा-बायको एकमेकांना धरून असतात. शेजारीपाजारी म्हणतात, "त्या दोघांचे काय विचारता, एकमेकांना छान सांभाळून आहेत." त्यामुळे या घराची कुणालाही काळजी वाटत नाही. आमच्या मते मात्र समाजाने आधी लक्ष द्यावे असे घर हेच आहे. त्या दोघांपैकी एकजण दुसऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असेल, तर सांभाळणारी व्यक्ती अचानक गेल्यावर मागे राहिलेल्याचे काय होते, याचा विचार ना त्या घराने केलेला असतो, ना शेजाऱ्यांनी, ना मुलांनी.

हा विषय नीट समजावा म्हणून २०२५ साली अमेरिकेत घडलेली आणि जगभर चर्चा झालेली एक घटना आम्ही येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

सांता फे येथील घटना

जीन हॅकमन हे हॉलिवूडचे नामवंत अभिनेते. जन्म ३० जानेवारी १९३०. 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे, तर 'अनफरगिव्हन' (१९९२) साठी सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. २००४ नंतर त्यांनी चित्रपटातून निवृत्ती घेतली आणि न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथे ते शांतपणे राहू लागले. त्यांच्या पत्नी बेट्सी अराकावा या मूळच्या हवाई बेटांवरील पियानोवादक. १९९१ साली दोघांचा विवाह झाला. बेट्सीबाई पतीपेक्षा सुमारे तीस वर्षांनी लहान होत्या. पतीच्या उतारवयात त्याच त्यांच्या सर्वस्वी आधार होत्या.

२०२५ च्या फेब्रुवारीत हॅकमन ९५ वर्षांचे, तर बेट्सीबाई ६५ वर्षांच्या होत्या. हॅकमन यांना हृदयविकार होता आणि अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, बराच पुढे गेलेला होता. ११ फेब्रुवारीला बेट्सीबाई बाजारात गेल्या. किराणा, औषधाचे दुकान, कुत्र्यांचे खाणे अशी कामे आटोपून संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या वसाहतीच्या फाटकातून आत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका खासगी वैद्यकीय सेवेला फोन केल्याची नोंद नंतर सापडली. त्यानंतर मात्र त्यांचा कुणाशीही संपर्क झालेला दिसत नाही.

त्यांचा मृत्यू हंता विषाणूमुळे झाला. हा विषाणू उंदरांच्या मलमूत्राच्या संपर्कातून माणसाला लागतो. आरंभी साध्या फ्लूसारखा ताप व अंगदुखी होते. पुढे फुप्फुसांत पाणी साचते आणि रोगी पाहता पाहता खालावतो. अमेरिकेत या श्वसनविकाराच्या दर १० रुग्णांपैकी जवळजवळ ४ दगावतात. हॅकमन यांना त्याची लागण झालेली नव्हती. ते त्या घरात जिवंत होते. त्यांच्या पेसमेकरने नोंदवलेली हृदयाची शेवटची हालचाल १८ फेब्रुवारीची आहे. म्हणजे पत्नी गेल्यानंतर सुमारे आठवडाभर हा ९५ वर्षांचा माणूस त्याच घरात एकटा वावरत होता. शवचिकित्सेत त्यांच्या पोटात अन्न आढळले नाही. पत्नी वारल्याचे त्यांना कदाचित समजलेही नसावे, असे राज्याच्या मुख्य वैद्यकीय तपासनीसांनी ७ मार्च रोजी सांगितले.

२६ फेब्रुवारीला घराच्या डागडुजीचे काम करणारा माणूस आला. दार उघडेना, तेव्हा वसाहतीच्या रखवालदाराला बोलावण्यात आले. खिडकीतून पाहिल्यावर सारा प्रकार उघडकीस आला. घरातील तीन कुत्र्यांपैकी एक पिंजऱ्यात मरून पडला होता. पिंजरा उघडणारे हातच उरले नव्हते.

काय कमी पडले?

या घरी पैशाची कमतरता नव्हती. डॉक्टर होते, फोन होता, वसाहतीला फाटक व राखण होती. पत्नीने पतीची आबाळ केली असेही नाही. उलट तिने सारा भार एकटीनेच वाहिला. कागदपत्रेसुद्धा तयार होती. बेट्सीबाईंच्या मृत्युपत्रात अशी तरतूद होती की, दोघांचे निधन ९० दिवसांच्या अंतरात झाल्यास ते एकाच वेळी झाले असे धरून मालमत्ता धर्मादाय कामासाठी द्यावी. आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. मालमत्तेसाठी नव्वद दिवसांचा विचार झाला होता. मागे राहणाऱ्या माणसाच्या पहिल्या सात दिवसांची सोय मात्र झालेली नव्हती.

यात त्या कुटुंबाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कारण ही उणीव बहुतेक सर्वच घरांत आहे. ती कशी निर्माण होते ते पाहू.

पहिली गोष्ट, सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या डोक्यात सारे घर असते. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, डॉक्टर कोण, गॅस कधी लावायचा, पासबुक कुठे ठेवले आहे, हे सर्व तिलाच माहीत असते. ती गेली की ही माहितीही तिच्याबरोबर जाते.

दुसरी गोष्ट, ती व्यक्ती स्वतःच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करते. "मी दवाखान्यात भरती झाले तर यांच्याकडे कोण पाहणार?" या एका प्रश्नापायी ताप अंगावर काढला जातो, छातीतली कळ लपवली जाते.

तिसरी गोष्ट, स्मृतिभ्रंशासारखा आजार घरात असला की लाजेने म्हणा, जोडीदाराची अब्रू राखण्यासाठी म्हणा, येणे-जाणे कमी केले जाते. फोनवर मुलांना "सगळे ठीक आहे" असेच सांगितले जाते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे बाहेरच्यांचा गैरसमज. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या दारावर शेजारी थाप मारतो. जोडप्याच्या दारावर मारत नाही. दोघे आहेत, एकाला काही झाले तर दुसरा हाक मारील, असे आपण गृहीत धरतो. बँकेतल्या भाषेत सांगायचे तर, कर्जाच्या कागदावर दोन सह्या असल्या तरी हप्ता एकाच्याच पगारातून जात असतो. तो पगार थांबला की दुसरी सही नुसती कागदावरच राहते.

जपानचा अनुभव

ही केवळ अमेरिकेची गोष्ट नाही. वृद्धांचे प्रमाण फार मोठे असलेल्या जपानमध्ये वृद्धाने वृद्धाला सांभाळण्यासाठी 'रोरो काइगो' असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. तेथील २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार, घरातल्याच माणसाकडून सांभाळ होत असलेल्या ६३.५ टक्के घरांत सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा असे दोघेही ६५ वर्षांवरील होते. हा भार कुटुंबाला एकट्याने पेलणार नाही हे ओळखून जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी विमा योजना सुरू केली. वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून नागरिक तिचा हप्ता भरतात.

२००१ मध्ये तेथील एका कंपनीने चहासाठी पाणी तापवण्याचे असे विजेचे भांडे आणले, की त्याचा वापर झाला की नाही याची माहिती दूर राहणाऱ्या मुलांना मिळते. सकाळी आईने चहाचे पाणी घेतले नाही, हे मुलाला त्याच दिवशी कळते. साधन साधे आहे, पण त्यामागचा विचार मोलाचा आहे. माणूस हाक मारू शकला नाही तरी त्याची अनुपस्थिती कुणाच्या तरी त्याच दिवशी लक्षात आली पाहिजे.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्या देशात वृद्धांची सविस्तर राष्ट्रीय पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तीनुसार साठीपुढील दर १०० माणसांपैकी सुमारे २० जण केवळ जोडीदारासोबत राहतात, तर एकटे राहणारे सुमारे ६ आहेत. आपण चिंता करतो ती या सहांची. त्या विसांकडे आपले लक्ष नसते. याच पाहणीच्या आधारे पुढे झालेल्या अभ्यासात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज काढण्यात आला. म्हणजेच देशभरात जवळपास ८८ लाख माणसे.

आपल्या समाजातील पहिली शिकलेली पिढी रेल्वे, पोस्ट, बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या येथून निवृत्त झाली. मुले शिकली, नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला, कुणी परदेशी गेली. ही अभिमानाची बाब आहे. पण वस्तीतील चाळ सोडून फ्लॅटमध्ये आलेल्या आईवडिलांच्या वाट्याला बंद दारही आले, हे विसरून चालणार नाही.

दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणारी जोडपी आम्ही काउंटरवरून पाहतो. कित्येकदा एकजण फॉर्म भरतो आणि दुसरा केवळ दाखवलेल्या जागी सही करतो. पतीचे निधन झाल्यावर आपले खाते कोणत्या शाखेत आहे हेही ठाऊक नसलेल्या भगिनी येतात. पत्नीच्या निधनानंतर स्वतःच्या गोळ्यांची नावे सांगता न येणारे गृहस्थही भेटतात.

येथे बँकेच्या व्यवहाराविषयी थोडा खुलासा करतो. संयुक्त खाते 'आयदर ऑर सर्व्हायवर' पद्धतीचे असले, तर मागे राहिलेल्याला पैसे काढता येतात. पण मागे राहिलेल्याची समजच गेलेली असेल तर? नामनिर्देशन त्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण ते सर्व खातेदारांच्या मृत्यूनंतरच लागू होते. मुखत्यारपत्रही पुरेसे नाही, कारण ते देणाऱ्याची समज कायमची गेल्यास ते कायद्याने टिकत नाही. मग पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी नातेवाइकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागल्याची उदाहरणे आहेत. तोवर पैसे खात्यात असतात आणि औषधाला हातात नसतात. म्हणून समज शाबूत आहे तोवरच मुलगा, मुलगी किंवा विश्वासू नातेवाईक यांना विश्वासात घेऊन घरखर्चापुरती वेगळी व्यवस्था करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

काय करता येईल?

१. जोडप्यातील सांभाळणाऱ्या व्यक्तीखेरीज आणखी एक माणूस ठरवावा. त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली असावी व त्याला घरातील आजारांची खरी माहिती असावी.

२. औषधे व त्यांच्या वेळा, डॉक्टर, मुले, शेजारी यांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा.

३. रोज एक ठराविक वेळ ठरवून संपर्क साधावा. मुलांनी फोन केल्यास दोघांशीही बोलावे. फोन उचलला गेला नाही तर तासाभरात कुणी दारापर्यंत जायचे, हे आधीच ठरलेले असावे.

४. सांभाळणाऱ्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी आधी करावी. तिला आठवड्यातून एक दिवस विसावा मिळेल असे पाहावे.

५. बँकेत वारंवार जाणे जमत नसेल तर घरपोच सेवेची मागणी करावी. ७० वर्षांवरील ग्राहकांना मूलभूत सेवा घरी द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळवलेले आहे.

६. एकाकी वृद्धांची नोंद पोलीस ठाण्यात करावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ चा कायदा आहे. त्याखालील केंद्राच्या नमुना नियमांत अशी यादी ठेवण्याची व महिन्यातून किमान एकदा भेट देण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांक आहे.

आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अशा जोडप्यांची यादी करावी, अशी आमची विनंती आहे. यादीत 'एकटे राहणारे' या रकान्याशेजारी 'दोघेच राहणारे' हाही रकाना असावा. महिला मंडळाच्या भगिनी दुपारच्या वेळी भेट देऊ शकतील.

विद्यार्थी मित्रांना विशेष सांगणे असे की, यासाठी वर्गणी लागत नाही की प्रशिक्षण लागत नाही. कॉलेजला जाताना जिन्यात क्षणभर थांबून "काका, चहा झाला का? मावशी कुठे आहेत?" एवढे विचारले तरी पुरे. मात्र उत्तर दोघांचेही ऐकूनच पुढे जावे. मावशी आत झोपल्या आहेत असे काका सलग दोन दिवस सांगत असतील, तर आत जाऊन पाहावे. एखादे वेळी आगाऊपणा वाटला तरी चालेल.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. शेजाऱ्यांनी आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो रोज घ्यायचा आहे, आणि एका दारातून दोघांचाही घ्यायचा आहे.