मिररबाहेरचे ४४६ बाइट

सर्व्हरमध्ये दोन डिस्क लावून त्यांचा मिरर केला, की प्रत्येक अक्षर दोन्हींवर लिहिलं जातं. एक बंद पडली तरी दुसरीच्या भरवशावर काम चालू राहतं. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या संशोधकांनी १९८८ साली ‘रेड’ची जी वर्गवारी मांडली, तिच्यातला हा पहिला स्तर.

नवल पुढेच आहे. डिस्क गेल्यावरही बिनतक्रार चाललेला असा सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर मात्र कधीकधी सुरूच होत नाही. माहिती तर सगळी शाबूत असते. मग अडतं कुठे?

लिनक्समध्ये मिरर जुळवतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. पण कर्नल स्वतःच डिस्कवर पडून असतो. त्याला मेमरीत आणणारं आधी कुणीतरी लागतं. सुरुवात करतं मशीनमधलं फर्मवेअर. त्याच्या जुन्या प्रकाराला, बायोसला, फाइल कळत नाही आणि मिररही कळत नाही. तो एका डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर तेवढा वाचतो. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याचे, २ ओळखखुणेचे. प्रोग्रामला उरतात जेमतेम ४४६. एवढ्याशा जागेतला कोड ग्रब या बूटलोडरचा पुढचा भाग उचलतो, ग्रब कर्नलला आणतो आणि कर्नल मिरर उभा करतो. केवढी ही चढण!

मिरर सहसा पार्टिशनचा केलेला असतो, त्यामुळे हा पहिला सेक्टर त्याच्या बाहेर राहतो. ग्रब एकाच डिस्कवर बसवलेला असेल आणि नेमकी तीच गेली, तर दुसरीवर सगळं असूनही सुरुवात करणारं कुणी नसतं.

म्हणून ग्रब दोन्ही डिस्कवर बसवायचा. बायोसऐवजी यूईएफआय हे नवं फर्मवेअर असलेल्या मशीनवर, बूटच्या फाइली ठेवणारं ईएफआय पार्टिशन दोन्हीकडे ठेवायचं, त्यातल्या फाइली सारख्या ठेवायच्या आणि फर्मवेअरच्या बूट यादीत दोन्हींची नोंद करायची. खराब डिस्क बदलल्यावर मिररमधला मजकूर नव्या डिस्कवर उतरतो, पण त्याबाहेरचा बूट कोड उतरत नाही. तो पुन्हा बसवावा लागतो.

खात्री हवी तर बॅकअप घ्या, मशीन बंद करून एक डिस्क काढा आणि सुरू करून पाहा. मग ती परत जोडा, मिरर पूर्ण जुळू द्या आणि दुसरी काढून पाहा. दोन्ही वेळा मशीन सुरू झालं, तरच कुठलीही एक डिस्क गेली तरी निभावेल असं म्हणता येतं.