गुरुत्वमापीचे वाचन अनपेक्षित का येते?

दुधात पाणी मिसळले आहे की काय हे पाहण्यासाठी वापरली जाणारी दुग्धमापी पुष्कळांनी पाहिलेली असते. द्रव जड असेल तर काचेची ही पोकळ नळी वर तरंगते, हलका असेल तर खोल बुडते. याच जातीची गुरुत्वमापी बिअर तयार करणाऱ्यांच्या हाती असते. इंग्लंडात जॉन रिचर्डसन याने १७८४ साली या उपयोगावर पुस्तक लिहिले.

शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरतात. मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या गोड अर्काचे गुरुत्व साधारणतः १.०५० असते. यीस्ट त्यातील साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांत रूपांतर करते. साखर सरते आणि मद्यार्क तर पाण्याहून हलका. म्हणून गुरुत्व उतरत जाऊन १.०१२ च्या आसपास स्थिरावते.

हा आकडा ठरवण्यात चूक झाली तर ती महागात पडते. गुरुत्व आणखी ०.००४ उतरावयाचे असताना बाटल्या बंद केल्या, तर आत द्रवाच्या आकारमानाच्या सुमारे दुप्पट वायू अधिक तयार होतो. फेसासाठी मुद्दाम घातलेल्या साखरेचा वायू याहून वेगळा. इतक्या दाबाने बाटल्या फुटतात आणि काचा उडून डोळ्यांस इजा होऊ शकते.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. चेन्नईत मात्र तशी मुभा नाही. १९३७ च्या मद्यनिषेध अधिनियमान्वये तमिळनाडूत परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तथापि गुरुत्वमापी कशी फसवते हे समजून घेण्यास चेन्नईसारखे दुसरे ठिकाण नाही, आणि त्यासाठी साधे साखरपाणी पुरेसे आहे. शंभर ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करावे. २० अंश सेल्सिअसला त्याचे वाचन १.०३८ च्या आसपास येते. तेच द्रावण चेन्नईतील खोलीत ३० अंशांवर पोहोचले की नळी १.०३६ च्या आसपास दाखवते. साखर कणभरही कमी झालेली नसते. उष्णतेने द्रव प्रसरण पावला, त्याची घनता घटली, आणि नळी थोडी अधिक बुडाली एवढेच.

बहुतेक नळ्यांवरील खुणा २० अंशांसाठी, तर काही जुन्या नळ्यांवरील १५.५ अंशांसाठी आखलेल्या असतात. चेन्नईत जानेवारीतील पहाटही सहसा २० अंशांच्या खाली जात नाही. यास्तव ३० अंशांवरील वाचनात, नळी २० अंशांची असेल तर, सुमारे ०.००२ ते ०.००३ मिळवावे लागते. ज्याला १.०१२ हे वाचन पाहून किण्वन संपले असे वाटते, त्याच्या द्रवाचे खरे गुरुत्व १.०१४ हून अधिक असू शकते.

उलट दिशेची चूकही संभवते. किण्वन चालू असताना वायूचे बुडबुडे नळीला चिकटतात आणि तिला वर उचलतात. मग गुरुत्व आहे त्याहून अधिक भासते. नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात अनेकदा ओतून वायू घालवावा, नळी हलकेच फिरवावी आणि द्रवाच्या पातळीशी डोळा आणून आकडा वाचावा. सुरुवातीच्या अर्कात मागाहून पाणी घातले असेल आणि ते नीट ढवळले नसेल, तर वरच्या थराचे वाचन कमी व तळाचे अधिक येते. प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारा अपवर्तनांकमापी वापरला असेल, तर मद्यार्क तयार झाल्यावर तो दुरुस्तीवाचून साखर वाजवीपेक्षा जास्त दाखवतो. नळीतील कागदी मोजपट्टी सरकलेली असणेही शक्य आहे. नळीवर लिहिलेल्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात ती १.००० दाखवते की नाही, हे पाहिले म्हणजे ही शंका फिटते.

एवढी पडताळणी करूनही आकडा चढाच राहिला, तर मग कारण द्रवात शोधावे. बार्ली फार उष्ण पाण्यात भिजवली असेल, तर यीस्टला न पचणाऱ्या शर्करा उरतात. किंवा यीस्टच क्षीण असेल. आकडा अपेक्षेहून फार खाली गेला, तर रानटी यीस्ट किंवा जंतू शिरल्याचा संशय घ्यावा. उष्ण हवेत त्यांना आमंत्रण लागत नाही. ताडाचा रस आंबू नये म्हणून तमिळनाडूत मडक्याला आतून चुना लावतात, आणि त्या गोड रसाला पदनीर म्हणतात. चुना नसेल तर तोच रस काही तासांत ताडी होतो.

तात्पर्य, अनपेक्षित आकडा दिसताच द्रव ओतून देऊ नये किंवा त्यात घाईने नवे यीस्टही टाकू नये. प्रथम तापमान, मग बुडबुडे, मग मिश्रण, मग उपकरण, आणि शेवटी द्रव असा क्रम ठेवावा. दुरुस्त केलेले वाचन काही दिवसांच्या अंतराने दोनतीनदा तेच आले आणि ते अपेक्षेच्या जवळ असले, तरच किण्वन संपले असे मानावे.