फेब्रुवारीतला सहस्रकुंड

सहस्रकुंड धबधबा पाहायला सगळे श्रावणात जातात. आम्ही फेब्रुवारीत गेलो आणि मला तो जास्त आवडला! नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरजवळ पैनगंगा इथे कड्यावरून कोसळते. अलीकडचा काठ मराठवाड्याचा, पलीकडचा विदर्भाचा.

पावसाळ्यात दिसतो तो नुसता फेस आणि तुषार. पाणी ओसरलं की खरा खडक उघडा पडतो, काळाकभिन्न, हात फिरवला तर घासून गुळगुळीत झालेला. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगरत राहतात आणि खडकात रांजणासारखे खळगे कोरतात. एका खळग्याच्या तळाशी असे चार गोल गोटे अजून पडून होते. ‘सहस्रकुंड’ हे नाव का पडलं असेल, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

जवळच महादेवाचं मंदिर आहे. वाटेत सागाची पानगळ आणि पेटलेला पळस, तो वेगळाच आनंद! मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे.

एक मात्र नक्की पाळा. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. तिथून पाणी सुटलं की कोरडं पात्रही भरतं, म्हणून उतरण्याआधी गावात विचारून घ्या. पाणी आणि डबा सोबत न्या.