झेयावाडी : ब्रह्मदेशातलं भोजपुरी गाव

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. पण रंगूनहून मंडालेला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, तांगूच्या अलीकडे, झेयावाडी लागतं. त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून ही पोस्ट. ('झेया' म्हणजे आपला 'जय'च, पालीतून बर्मीत गेलेला!)

इंग्रजांना दक्षिण ब्रह्मदेशातल्या पडीक जमिनी लागवडीखाली आणायच्या होत्या. 19व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी इथली विस्तीर्ण जमीन बिहारमधल्या डुमराव जमीनदारीचे दिवाण जयप्रकाश लाल यांना दिली. मग भोजपूर भागातली शेतकरी कुटुंबं येऊन वसली. आधी भात, पुढे ऊस आणि साखर कारखाना. रंगूनमधले बरेच भारतीय मजुरी-व्यापाराला आलेले. इथले मात्र जमीन कसायला आले आणि मुळं धरून राहिले.

मला सर्वात भारावून टाकतो तो 1945चा प्रसंग. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यात बचावाचे वकील भुलाभाई देसाई यांनी याच मुलखाचा दाखला दिला. सुमारे 50 चौरस मैलांचा प्रदेश, 15,000 च्या आसपास भारतीय वस्ती आणि महायुद्धकाळात कारभार सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारचा! म्हणजे हे सरकार नुसतं कागदावरचं नव्हतं.

1962च्या लष्करी सत्तांतरानंतर लाखो भारतीयांना ब्रह्मदेश सोडावा लागला. झेयावाडीतली बरीच घरं मात्र टिकली, आणि तिथं आजही भोजपुरी कानावर पडते.