बर्फाचा उतार आणि घड्याळाचा न्याय

मुळशीच्या डोंगरांत पाऊस विपुल पडतो. बर्फ मात्र पडत नाहीं. त्यामुळें स्कीइंग, म्हणजे पायांस लांब व अरुंद पट्ट्या बांधून हिमाच्छादित उतारावरून घसरत येण्याची क्रीडा, येथील घरांना बहुधा चित्रांतूनच परिचित असते. मग ज्यांस एकच पाय आहे, ज्यांचें कमरेखालील शरीर निश्चेष्ट आहे, अथवा ज्यांस दृष्टीच नाहीं, अशीं माणसें तो उतार घड्याळाशीं पैज लावून उतरतात, हें ऐकून पुष्कळांस प्रथम नवल व मागाहून भय वाटतें. परंतु ताम्हिणीच्या घाटांतून सायकल उतरविणारास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. उतारावर वेग मिळविण्यास पायांचें बळ लागत नाहीं; तो गुरुत्वाकर्षण आपण होऊन देतें. कसब लागतें तें वळण्यांत आणि आवरण्यांत. आणि तें तोलाचें, बाहूंचें व मनाचें काम आहे. या क्रीडेचें मर्म तेथेंच आहे.

तिचा उगम युद्धांत आहे. दुसऱ्या महायुद्धानें युरोपांत हातपाय गमावलेले असंख्य तरुण सैनिक मागें ठेवले. आल्प्सच्या परिसरांत ज्यांचें बालपण स्कीवर गेलें होतें, त्यांस ती सोडवेना. कुबड्यांच्या टोकांस आंखूड स्की बसवून ते पुनः उतारावर गेले. सन १९४८ मध्यें ऑस्ट्रियांतील बाडगास्टाइन येथें १७ स्पर्धकांची स्पर्धा झाली. आणि सन १९७६ मध्यें स्वीडनमध्यें पहिली हिवाळी पॅरालिंपिक स्पर्धा भरली.

आज स्पर्धकांचे तीन वर्ग असतात. पहिला उभ्यानें उतरणारांचा. एक पाय नसलेला खेळाडू एकाच स्कीवर उभा राहतो व हातांतील आंखूड स्कींनीं तोल सांवरतो. दुसरा बसून उतरणारांचा. यांचें आसन एकाच स्कीवर घट्ट बसविलेलें असून खालीं धक्के शोषणारी योजना असते. तिसरा वर्ग दृष्टिहीन व अंधुकदृष्टि खेळाडूंचा. त्यांच्या पुढें डोळस मार्गदर्शक उतरत असतो व रेडिओवरून प्रत्येक वळणाची सूचना देतो. केवळ त्या आवाजावर विश्वास ठेवून मागचा खेळाडू वेगानें येतो. पदक जिंकल्यास तें मार्गदर्शकासही मिळतें, आणि तें योग्यच आहे.

शर्यतींचेही प्रकार आहेत. 'डाउनहिल'मध्यें वेगास प्राधान्य असतें. तो ताशीं १०० किलोमीटरच्याही वर जातो. 'स्लालम'मध्यें जवळजवळ रोंवलेल्या खांबांमधून नागमोडी उतरावयाचें असतें. एकहि जोडी चुकली, तर स्पर्धक बाद होतो.

येथें सहजच शंका येते. एका हाताचा आणि एका पायाचा खेळाडू यांची तुलना न्यायानें व्हावी कशी ? त्यासाठीं गुणकाची योजना आहे. अपंगत्वाच्या स्वरूपानुसार प्रत्येकास एक गुणक ठरवून दिलेला असतो आणि प्रत्यक्ष वेळेस त्यानें गुणितात. समजा, एकाचा गुणक ०.९० असून त्यास ६० सेकंद लागले. त्याचा हिशेबी वेळ ५४ सेकंद झाला. दुसऱ्याचा गुणक ०.८० असून त्यास ६५ सेकंद लागले. त्याचा हिशेबी वेळ ५२ सेकंद होतो, आणि विजयी दुसराच ठरतो. ही कृपा नव्हे, हें गणित आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध बर्फानें नव्हे, तर एका शब्दानें जडला आहे. स्लालम हा शब्द मूळ नॉर्वेचा. त्यांत उतार आणि माग असे दोन अर्थ आहेत. हीच नागमोडी शर्यत पुढें चाकांच्या खुर्चीवरही खेळूं लागले. सन १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेंतील स्लालममध्यें भाग घेणारे मुरलीकांत पेटकर हे सध्यांच्या सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचे. लष्करांतील हा मुष्टियोद्धा सन १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं लुळा झाला. उपचार म्हणून आरंभिलेलें पोहणें हीच त्यांची नवी विद्या झाली. हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनीं भारतास पॅरालिंपिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. पुढें त्यांनीं पुण्यास टेल्को कारखान्यांत नोकरी केली.

त्यांस पद्मश्री मिळाली ती सन २०१८ मध्यें, म्हणजे ४६ वर्षांनंतर. उतारावरील घड्याळ क्षणांत न्याय देतें. समाजाचें घड्याळ मात्र फार मागें चालतें. अशा खेळाडूंस दया नको असते. त्यांस हवा असतो मोकळा माग, योग्य साधन आणि सर्वांस सारखा लागू होणारा नियम. शाळेच्या दारांतील पायऱ्यांशेजारीं चाकाच्या खुर्चीसाठीं सौम्य उतार बांधणें, क्रीडांगणावर अशा मुलांचेंही नांव पुकारणें, एवढें करण्यास बर्फाची वाट पाहावी लागत नाहीं. तें मुळशींतही करतां येईल.